कॅमेरा थांबतो तिथून पुढे

चित्रपटाने कादंबरीला काय दिले, असे विचारले की तुटक प्रसंग, भराभर बदलणारी स्थळे आणि चुरचुरीत संवाद ही यादी पुढे येते. हा हिशेब अपुरा आहे. विज्ञानपटाचेच पाहा. दिग्दर्शक कुब्रिकचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ आणि आर्थर क्लार्कची त्याच नावाची कादंबरी १९६८ साली बरोबरीने घडली. चित्रपट शेवटी शब्दच टाकून देतो आणि गूढ गूढच ठेवतो. कादंबरी तेच गूढ उलगडून सांगते. एकत्र वाढूनही दोघांनी आपापला प्रांत राखला. कॅमेऱ्याला काय जमत नाही, याची जाणीव लेखकाला होणे हाच चित्रपटाचा कादंबरीवरचा मोठा उपकार, असे माझे मत आहे.

त्याचा पुरावा सांगलीच्या मातीत आहे. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी १९३६ च्या ‘छाया’पासून मास्टर विनायकांच्या चित्रपटांसाठी लेखन केले. प्रसंग रंगवायचा कसा, हे त्यांना पुरते ठाऊक होते. तरीही १९५९ च्या ‘ययाति’ कादंबरीत त्यांनी भर दिला तो मनाच्या कबुलीवर. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः मांडतात. एकाला जे प्रेम वाटते ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना अहंकार ठरते. प्रथमपुरुषी निवेदन खांडेकरांना आधीपासूनच प्रिय होते, हा आक्षेप रास्त आहे. पण पडद्याची भुरळ जवळून अनुभवूनही ते त्यांनी सोडले नाही, उलट अधिक खोल नेले, याला महत्त्व आहे. सांगली जिल्ह्यातल्याच माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांचेही तसेच. त्यांनी लिहिलेल्या ‘सांगत्ये ऐका’ या १९५९ च्या गाजलेल्या चित्रपटाच्या पटकथेत सूड आहे, लावणी आहे, नाट्य आहे. १९५५ च्या त्यांच्या ‘बनगरवाडी’ कादंबरीत यातले काही नाही. तरुण मास्तर माळ तुडवत धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा भरते, तालीम उभी राहते, दुष्काळ पडतो आणि वाडी ओस होते. ही नजर सिनेमाची नसून चित्रकाराची आहे, असे कोणी म्हणेल. असेलही. पण मेंढरांमागे वाडी हळूहळू रिकामी होत जाते तेव्हाचा काळाचा भार वाक्यांच्या संथ चालीतूनच जाणवतो. म्हणूनच १९९५ साली अमोल पालेकरांनी चित्रपट केला तरी पुस्तकाची गरज संपली नाही.

याच जिल्ह्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ कादंबरीचा वेग मात्र सिनेमाचा वाटतो. खरे तर तो पोवाड्याचा आहे, आणि त्या वेगाखाली भुकेचा न्याय-अन्याय तोलणारा लेखक सतत जागा आहे. आज पटकथा होईल या आशेने कादंबरी लिहिली जाते, तेव्हा हा जागेपणाच आधी गळतो. चित्रपट होण्यात कमीपणा नाही. पण पडद्यावर गेल्यावर जिच्यात मागे काहीच उरत नाही, ती कादंबरी म्हणून अपुरीच राहिली.