बंदूक कवितेतली आणि दारामागची

पुस्तकाचं नाव ‘निग्रोज विथ गन्स’. लेखक रॉबर्ट एफ. विल्यम्स. न्यूयॉर्कला १९६२ साली छापलेलं. माझ्याकडे आली ती झेरॉक्स, तीही समास कापलेली. मी दहावी नापास, सूतगिरणीत रिंगफ्रेमवर. रात्रपाळीच्या सुट्टीत डिक्शनरी मांडीवर घेऊन दीड महिन्यात वाचून काढलं. ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आपल्याकडे दलित पँथरचं नाव पडलं, त्या अमेरिकन पँथरच्या ह्यूई न्यूटनवर या पुस्तकाचा मोठा प्रभाव होता. नाव घेतलं, पुस्तक राहिलं. म्हणून हे लिहितोय.

आधी माझी कबुली. माझ्या कवितांत बंदुका आहेत. परवा मोजल्या. अकरा कवितांत सात. प्रत्यक्षात एकीलाही हात लागलेला नाही. आपल्या बऱ्याच मित्रांचं हेच आहे. संमेलनात बंदूक म्हटलं की टाळी पडते. टाळीवर कवी घरी जातो. घराचं दार मात्र तसंच, पत्र्याचं.

आता विल्यम्सची गोष्ट. गाव मनरो, राज्य नॉर्थ कॅरोलिना. हा मरीन दलात राहून १९५५ साली गावी परतला. काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेची गावातली शाखा मोडायला निघालेली. याने मजूर, मोलकरणी, सैन्यातून आलेली पोरं अशी माणसं गोळा केली. पांढरपेशी माणसं आधीच पळालेली. पोहण्याचा तलाव गोऱ्या पोरांना, काळी पोरं नदीओढ्यात बुडून मरायची. यांनी तलाव मागितला. लगेच कू क्लक्स क्लॅनच्या मोटारींची रांग वस्तीतून फिरायला लागली. शाखेचे उपाध्यक्ष डॉ. अल्बर्ट पेरी यांना धमक्या आल्या. ऑक्टोबर १९५७ मध्ये क्लॅनवाले त्यांच्या घरावर गोळ्या झाडत आले. घरातून उलट गोळ्या आल्या. पळाले. लगेच नगरपालिकेने ठराव केला, परवानगीशिवाय क्लॅनच्या मोटारी गावात फिरवायच्या नाहीत. कालपर्यंत हीच नगरपालिका तो त्यांचा घटनादत्त हक्क आहे म्हणत होती.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. वाटलं, आता आठवी कविता.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा दुसरंच दिसलं. गोळी एका रात्रीची आहे. त्याआधी कित्येक रात्रींची जागरणं आहेत. वाळूची पोती रचलेली, खड्डे खणलेले, माणसं आळीपाळीने जागलेली. रायफल क्लब काढला तो रीतसर, राष्ट्रीय रायफल संघटनेची सनद घेऊन. आमच्या खात्यात पाळी बदलताना एक जण मशीन सोडत नाही तोवर दुसरा उभा असतो. डॉ. पेरींचं घर तसं वाचलं. पुस्तकाच्या नावात बंदूक आहे, पोटात पहारा आहे. टाळ्या देणाऱ्यांना नाव पुरतं.

हे मला आमच्या घरामुळे कळलं. एका वर्षी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीनंतर वस्तीवर दगड आले. मी तेरा वर्षांचा. पत्र्यावर दगड पडतो तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको. बाप उसाचा कोयता घेऊन दारामागं उभा राहिला. आईने तो कोयता त्याच्या हातातून काढून घेतला. म्हणाली, “उद्या पंचनाम्यात ह्योच कोयता दाखवत्याल.” बाप खाली बसला. मला त्या रात्री आईचा राग आला होता. सातही बंदुका त्या रागातून आल्यात.

पण आई चुकली नव्हती. कायद्यात स्वसंरक्षणाचा हक्क आहे. रात्री घर फोडून आत येणाऱ्याला वेळ आली तर ठार मारण्यापर्यंत आहे. १८६० च्या दंडसंहितेत होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही आहे. पण रात्र संपली की सकाळ होते. सकाळी पोलीस येतात आणि हल्लेखोर कोण ते लिहून घेतात. लिहिणारा हात कुणाचा? विल्यम्सचंच बघा. १९६१ साली दंगलीच्या दिवशी एक गोरं जोडपं चिडलेल्या जमावात सापडलं, त्याने त्यांना आपल्या घरात घेतलं. त्याच्यावरच अपहरणाचा गुन्हा. क्युबाला पळावं लागलं. खटला मागे घेतला गेला तो १९७६ साली.

आणि मार्टिन ल्यूथर किंग? अहिंसेचा माणूस. १९५६ मध्ये त्याच्या घरावर बॉम्ब पडला. त्यानेही पिस्तुलाचा परवाना मागितला. नाकारला.

आपल्याकडेही परवाना कागदावर आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. तिसऱ्या नियमात आहे की धोक्याच्या भागात सवर्णांचे शस्त्रपरवाने रद्द करता येतात आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना परवाने देता येतात. मी तो नियम कवितेसारखा ओळ ओळ वाचला. एक शब्द अडतो, ‘आवश्यक वाटल्यास’. कुणाला वाटल्यास? सरकारला. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका घरावर जमाव चालून गेला. आई, मुलगी, दोन मुलगे मारले. नियम तेव्हा अकरा वर्षांचा होता.

म्हणून विल्यम्सचा निष्कर्ष मी जसाच्या तसा उचलत नाही. त्याच्या देशात बंदूक विकत मिळते, आणि मनरोत काळ्यांची सलग वस्ती होती. जिथं आपली घरं बोटांवर मोजण्याइतकी, तिथं पाळ्या लावायच्या कुणी? शेजारच्या गावातून माणसं किती वेळात पोचतील? याचं उत्तर पुस्तकात नाही. माझ्याकडेही नाही. पण प्रश्न हा आहे, आणि आपली कविता तो विचारत नाही. चतुर्वर्णाने खालच्यांच्या हातून शस्त्र काढून घेतलं म्हणून बंड झालं नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवलंय. ते वाचून आपण शस्त्राचं नुसतं चित्र काढलं.

एक गोष्ट विल्यम्सकडून उचलण्यासारखी. १९५९ पासून तो आणि मेबल, त्याची बायको, ‘क्रुसेडर’ नावाचं पत्र काढायचे. आपल्या या अंकासारखंच, सायक्लोस्टाइलवर. बंदुकीइतकंच ते पत्र लोकांना जागं ठेवत होतं.

सात कविता मी फाडल्या नाहीत. तशाच ठेवल्यात. आठवी आईवर लिहायची आहे, अजून जमत नाही.

झेरॉक्स माझ्याकडे आहे. कुणाला पाहिजे त्याने न्यावी, परत आणून द्यावी. अवघड शब्दांचे अर्थ पेन्सिलीने ओळींच्या मधे लिहिलेत. चुकले असतील तर दुरुस्त करावेत.