प्रश्नाकडून माणसाकडे : सुमित्रा भावे यांचे पटकथालेखन

सुमित्रा भावे (१९४३–२०२१) यांच्या चित्रपटांची चर्चा बहुधा विषयवार होते : ‘देवराई’ (२००४) म्हणजे स्किझोफ्रेनिया, ‘नितळ’ (२००६) म्हणजे कोड, ‘अस्तु’ (२०१३) म्हणजे स्मृतिभ्रंश. अशा वर्गीकरणात पटकथा ही वाङ्मयीन रचना आहे, हेच नजरेआड होते.

भावे समाजकार्याच्या अध्यापनातून चित्रपटाकडे वळल्या. वस्तीतील स्त्रियांविषयीचे संशोधन छापील अहवालातून त्या स्त्रियांपर्यंत पोहोचणार नव्हते. या जाणिवेतून ‘बाई’ (१९८५) हा लघुपट घडला. पुढे सुनील सुकथनकर यांच्यासह त्यांनी ‘दोघी’ (१९९५) आणि अन्य कथापट दिग्दर्शित केले. समोरच्याला त्याच्या गतीने बोलू देणे हा क्षेत्रकार्यातील मुलाखतीचा धर्म. तोच या पटकथांचे रचनातत्त्व झाला, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

‘अस्तु’मधील संस्कृत पंडिताची विद्या विरत जाते. हत्तीमागे भरकटलेल्या या वृद्धाला माहुताची कन्नडभाषक पत्नी सांभाळते आणि तो तिला आई मानतो. ग्रंथभाषा लोपल्यावरही नाते उरते. येथे आजार हा विषय न राहता भाषेच्या मर्यादेचा शोध होतो. या चित्रपटाच्या संवादांसाठी भावे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मात्र संवादांचे सामर्थ्य त्यांतील मौनातही आहे. २०१६ या वर्षाचे सुवर्णकमळ मिळवणाऱ्या ‘कासव’मध्ये जानकी आत्महत्येच्या उंबरठ्यावरील तरुणाला आसरा देते, पण बोलायला भाग पाडत नाही. याउलट ‘नितळ’मध्ये संवादांवर प्रबोधनाचा भार पडतो, व्यक्तिरेखा ऐकण्याऐवजी समजावू लागतात.

‘दिठी’ (२०१९) ही दि. बा. मोकाशी यांच्या कथेवर आधारलेली. पुत्रशोकाने खचलेल्या रामजी लोहाराला वर्षानुवर्षांची वारीही सावरू शकत नाही. अडलेल्या गाईची सुटका करताना मात्र त्याची दृष्टी पालटते. कथेतील अंतर्मनाचे निवेदन पडद्यावर पाऊस, हात आणि चेहरे यांच्याकडे सोपवावे लागते. म्हणून येथे रूपांतराची कसोटी मूळ संहितेशी शब्दनिष्ठा ही नव्हे. वस्तीतील बाईचे निवेदन ज्या आस्थेने ऐकले, त्याच आस्थेने मोकाशींची कथा ऐकली गेली काय, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर ‘बाई’ ते ‘दिठी’ हा प्रवास समाजकार्याकडून कलेकडे झालेले स्थित्यंतर ठरत नाही. तो एकाच वाचनपद्धतीचा विस्तार ठरतो. आणि तौलनिक साहित्याभ्यासाने पटकथेला साहित्यकृतीच्या पंक्तीस बसवण्याचे कारणही तेच.