आशाबाईंचें ‘गंभीर’ वळण

भाताची कापणी उरकल्यावर तलासरीकडील एका पाड्यावरच्या घरगुती समारंभास जाण्याचा योग आम्हांस आला. ध्वनिक्षेपकावर ‘कारवाँ’ चित्रपटांतील कॅबरेचें गाणें चाललें होतें. आमच्या शेजारीं बसलेले डहाणूचे एक सुविद्य गृहस्थ ओशाळून म्हणाले, “बाई पुढें सुधारल्या, हें एक बरें झालें!” त्यांचा रोख ‘उमराव जान’कडे होता. हें मत त्यांचें एकट्याचें नाहीं. आपल्या सुशिक्षित घरांतून तें बहुधा असेंच उच्चारलें जातें, आणि म्हणूनच तें तपासून पाहावें असें आम्हांस वाटतें.

१९७१ सालीं ‘कारवाँ’ व ‘हरे राम हरे कृष्ण’ हे चित्रपट आले, आणि राहुलदेव बर्मन यांच्या चालींमुळें आशा भोसले यांचें नांव उच्छृंखल गाण्याशीं जोडलें गेलें. दहा वर्षांनीं, १९८१ त, मुझफ्फर अली यांचा ‘उमराव जान’ आला. गझला शहरयार यांच्या, संगीत खय्याम यांचें. त्याच गायिकेस पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘इजाजत’करितां (१९८७) तो पुन्हां मिळाला. पुरस्कार म्हणजे जणूं पश्चात्तापाचा दाखला, अशा थाटांत तेव्हांपासून बोललें जातें.

खय्याम यांनीं केलें तें इतकेंच, कीं बाईंना नेहमींच्या पट्टीच्या खालीं गावयास लाविलें. पट्टी उतरली कीं कंठांतील लखलखाट मावळतो, नखऱ्याला जागा उरत नाहीं, आणि सगळा भार शब्दावर येतो. शब्द पेलण्याची ही विद्या त्यांस कोठें मिळाली? आमच्या मतें, ज्या गाण्यांची आपणांस लाज वाटते त्यांतच. शब्द अर्धा टाकून थांबणें, श्वासालाच तालांत बसविणें, एकाच अक्षरावर दोन भाव दाखविणें, हें सारें तेथें घोटलेलें आहे. ज्या उसाशाला आपण चावटपणा म्हणालों, तोच गझलेंत शेराच्या दोन ओळींमधला विराम झाला.

चित्रपटाच्या अखेरीस उमराव फैजाबादेस येते. लहानपणीं पळवून नेलेल्या या मुलीला आपल्याच घरासमोर मैफल करावी लागते. आंत आई आहे. ही रडण्याची जागा आहे, आणि एखादी गायिका तेथें रडली असती. आशाबाई रडत नाहींत. परक्या माणसांत ओळखीचें कोणी दिसलें म्हणजे आपण जसा आवाज आवरतों, तसा त्या आवरतात. स्वर भिंतीला हात लावून पाहिल्यासारखा जपून पुढें सरकतो. संपूर्ण चित्रपटांत इतकें थोडकें आणि इतकें पुरेसें दुसरें कांहीं नाहीं.

आणि मराठी श्रोत्यानें तरी या वळणाचें नवल करूं नये. १९६० च्या ‘जगाच्या पाठीवर’मधील आंधळ्या मुलीचें गीत (माडगूळकरांचे शब्द, फडक्यांची चाल) याच कंठांतून आलें होतें. न दिसणाऱ्या माणसाला डोळे भरून पाहिल्याचा आनंद त्यांत आहे, आणि करुणेची याचना मुळींच नाहीं. म्हणजे हिंदी जगाला १९८१ त सांपडलेलें गांभीर्य आपल्या घरांत वीस वर्षें पडून होतें!

उलट, विषय गंभीर म्हणून गाणें गंभीर होतें असेंही नाहीं. गुलाम अली यांच्यासह गाइलेल्या ‘मेराज-ए-गझल’मध्यें (१९८३) गझल आहे, उर्दूचा डौल आहे; तरी पुष्कळ ठिकाणीं हरकतींच्या पाठलागांत शब्द मागें राहतो. आम्हांस तेथें कौशल्य ऐकूं येतें, मनुष्य क्वचित्.

त्या रात्रीं पाड्यावर ध्वनिक्षेपक थांबला आणि तारपा निघाला. दुधी भोपळ्याचें तें साधें वाद्य; तारपकरी चाल बदली, तशीं भोंवतीं फेर धरलेल्यांचीं पावलें बदलत. तारपा आतां सुधारला, असें तेथें कोणी म्हणालें नाहीं. आमचे गृहस्थ मात्र तोंपर्यंत डहाणूची शेवटची बस गांठण्यासाठीं निघून गेले होते.