रिकामं आसन आणि निळा कोट

पवनीच्या जगन्नाथ टेकडीचं उत्खनन १९६९-७० साली झालं आणि मातीखालून स्तूप निघाला. त्याच्या कठड्याच्या एका खांबावर पाच फण्यांचा नाग कोरलेला आहे. नावही ब्राह्मीत दिलंय: मुचलिंद. पावसात बुद्धावर फणा धरणारा तो नागराज. पण ज्याच्यावर फणा धरायचा, त्याचं आसन मोकळं आहे. नाग इतका जिवंत कोरणाऱ्या पाथरवटाला माणूस जमला नसता, हे मला पटत नाही. ती जागा त्यानं बघणाऱ्यासाठी सोडली, असं मी मानतो.

पवनीच्याच भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या करडीसारख्या गावांत आज श्रद्धेची चित्रं बघताना तो खांब आठवत राहतो. चौकातल्या फ्लेक्सवर हनुमानाच्या दंडाची शीर न् शीर दिसते. रामाच्या केसाकेसावर उजेड आहे. कारागिरी मोठी, यात वाद नाही. पण बघणाऱ्याला करायला काही उरत नाही.

याचं खापर राजा रविवर्म्यावर फोडणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या त्याच्या छापखान्यानं लक्ष्मी-सरस्वती अशा घरांच्या भिंतींवर नेल्या, ज्यांना देवळाची पायरी बंद होती. चेहरा, लुगडं, दागिने ओळखीचे झाले, तरी हात चारच राहिले आणि पाय कमळावरच. दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’ चित्रपटात (१९१७) राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच होते. प्रेक्षकांची भक्ती त्यानं अडली नाही. आपल्याकडे दंडार या लोकनाट्यात पुरुषच बाईचं सोंग घेत आला, तेव्हाही कोणी खरं-खोटं तपासायला बसलं नाही.

आज गोष्टींचंही त्या फ्लेक्ससारखंच झालंय. दहा तोंडांचा माणूस झोपेत कूस कशी बदलेल, असं विचारून रावणाला निकालात काढणारा आणि पुष्पक विमानाचं यंत्रशास्त्र मांडणारा, दोघांनाही कथेत फक्त पुरावाच दिसतो. दहा तोंडांची हाव दोघांच्याही नजरेतून सुटते.

मग हुबेहूबपणा वाईटच का? इथे मला बाबासाहेबांचा पुतळा अडवतो. १९५४ साली त्यांनी भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, हरले. म्हणजे या जिल्ह्यानं त्यांना डोळ्यांनी पाहिलंय. फोटो घरोघरी आहेत. तरी गावातल्या पुतळ्याचं नाक चुकलं, खांदे आखूड झाले, तर कोणी तक्रार करत नाही. निळा कोट हवा, हातात पुस्तक हवं, बोट वर हवं. पुस्तक म्हणजे संविधान, हे शाळेत न गेलेली आजीही सांगते. कॅमेऱ्यानं टिपलेल्या माणसातून लोकांनी स्वतः चिन्ह घडवलं. आणि शेजारच्या विहारात बुद्धाला चेहरा आहे, डोळे मिटलेले आहेत. १९५६ नंतर धम्मात आलेल्यांना तो समोर बसलेला हवा होता. रिकाम्या आसनापेक्षा ही मूर्ती उणी, असं मी म्हणू धजत नाही. तिचे मिटलेले डोळेही काही राखून ठेवतात.

फ्लेक्स बनवणाऱ्या पोरांना एकदा तान्हा पोळा नीट दाखवावासा वाटतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी नंदी घेऊन निघतात. पाठीवर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात माळ आणि पायांखाली चार चाकं. घरोघरी त्याला ओवाळतात, चाकांसकट.