‘खालसा झाले’ : एका क्रियापदाची चिकित्सा

‘१८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले.’ मराठी इतिहासाच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात हे वाक्य या ना त्या रूपात भेटते. शाळेत आपण ते पाठ केलेले असते, त्यामुळे त्यात वावगे असे काही जाणवत नाही. मला मात्र या वाक्यातले ‘झाले’ हे क्रियापद बरीच वर्षे खटकत आले आहे. पाऊस झाला, उशीर झाला, तसे राज्य खालसा झाले! कर्ता कुठे गेला?

‘खालसा’ हा शब्दही सरळ नाही. आपल्या जुन्या महसुली व्यवहारात खालसा म्हणजे ज्या जमिनीचा वसूल थेट सरकारात जमा होतो ती जमीन. इनाम किंवा जहागीर याच्या उलट. धन्याने दिलेले इनाम धन्याने परत घेतले की ते खालसा झाले. म्हणजे हा शब्द वापरला की आपण एक गोष्ट न बोलता कबूल करतो : राज्य मुळात दिलेले होते आणि देणारा कुणी दुसराच होता. पुढे गव्हर्नर जनरल डलहौसीने साताऱ्याविषयी जो युक्तिवाद केला, त्याचा गाभा नेमका हाच होता. त्याचे म्हणणे आपल्या भाषेने आधीच मान्य करून ठेवलेले आहे.

या लेखात मला साताऱ्याच्या अखेरीची हकिगत नव्याने सांगायची नाही, ती आपण कशी सांगत आलो हे तपासायचे आहे. तपासताना हकिगतही थोडी सांगावी लागेल.

सांगण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. पहिली पाठ्यपुस्तकी. तिच्यात डलहौसी नावाचा एक महत्त्वाकांक्षी अधिकारी १८४८ साली येतो, दत्तक नामंजूर करण्याचे तत्त्व काढतो आणि सातारा, नागपूर, झाशी एकामागून एक गिळतो. दुसरी रीत फितुरीची. तिचे सर्वांत जोरकस रूप प्रबोधनकार ठाकरे यांच्या ‘हिंदवी स्वराज्याचा खून’ या १९२२ सालच्या पुस्तकात आहे. प्रबोधनकारांची लेखणी तापलेली आहे आणि तिचा रोख बाळाजीपंत नातू व त्यांच्या साथीदारांवर आहे. प्रतापसिंह महाराज आणि रंगो बापूजी यांना मराठी वाचकांच्या स्मृतीत परत आणण्याचे मोठे श्रेय या लेखनाला द्यावेच लागेल. त्या काळी तसे लिहायला धैर्य लागत होते.

तरीही माझे म्हणणे असे की, या दोन्ही रीतींनी एकच उणीव ठेवली. दोन्ही माणूस शोधतात. एकीला गोरा खलनायक सापडतो, दुसरीला घरचा. ज्या कागदाने हे सगळे शक्य केले, तो कागद दोघींच्याही हातून निसटतो. तो कागद म्हणजे २५ सप्टेंबर १८१९ चा तह.

त्याची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज पत्करली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. इथेही शब्दाकडे पाहा. तैनातीतला माणूस म्हणजे सेवेला नेमलेला माणूस. फौज पेशव्याच्या सेवेला, पगार पेशव्याच्या मुलखातून आणि हुकूम मात्र कंपनीचा. ज्याच्या पहाऱ्यावर आपण राहायचे त्यालाच चाकर म्हणायचे, ही गंमत त्या शब्दात आहे. पंधरा वर्षांनी, ५ नोव्हेंबर १८१७ ला, खडकीवर तोफा सुरू झाल्या तेव्हा पेशव्याला त्या चाकराची खरी किंमत कळली.

त्या युद्धातच, ११ फेब्रुवारी १८१८ ला, एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला. त्यात एका बाजूला बाजीरावाची गादी संपवल्याचे सांगितले, तर दुसऱ्या बाजूला साताऱ्याच्या महाराजांना कैदेतून सोडवून त्यांच्यासाठी राज्य राखून ठेवण्याचे आश्वासन दिले. हेतू उघड होता. शिवछत्रपतींच्या वंशाचा मान राखला जातो आहे असे दिसले, की मराठे सरदार पेशव्याची बाजू सोडतील. नऊच दिवसांनी अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि पंचवीस वर्षांचे प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. एप्रिलमध्ये त्यांना गादीवर बसवण्यात आले. युद्ध जिंकण्यासाठी त्या गादीचा उपयोग होता, हे लक्षात ठेवू या. तीस वर्षांनी तो उपयोग उरला नव्हता.

पुढच्या वर्षीच्या तहाची कलमे मी जितक्यांदा वाचतो, तितक्यांदा मला त्यांच्या रचनेचे नवल वाटते. पहिल्याच कलमात मुलूख महाराजांना, त्यांच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना कायमचा दिल्याचे म्हटले आहे. वाचणाऱ्याचे समाधान तिथेच व्हावे. पण शब्द ‘दिला’ हा आहे. ‘परत केला’ असे कुठे नाही. दुसऱ्या कलमात तो मुलूख कंपनी सरकारच्या अंकित राहून भोगायचा आहे. आणि पाचवे कलम सांगते, की तहाने महाराजांच्या सत्तेखाली न आलेल्या कोणाही राजा, सरदार, जहागीरदाराशी त्यांनी रेसिडेंटच्या मार्फतीशिवाय कसलाही व्यवहार ठेवायचा नाही. ही तहाची पायाभूत अट. ती मोडली तर तहाने मिळालेले सगळे लाभ जातील.

हे कलम जमिनीवर आणून पाहा. छत्रपतींचे सोयरे, मानकरी, जुने सेवक अर्ध्या हिंदुस्थानात पसरलेले. नागपूरला भोसले, बडोद्याला गायकवाड, ग्वाल्हेरला शिंदे. लग्नकार्याचे पत्र असो की सुतकाचे, ते रेसिडेंटच्या नजरेखालून गेले नाही की तहभंग. राजाने राजासारखे वागणे हाच गुन्हा ठरावा, अशी ती रचना होती. असा गुन्हा सिद्ध करायला फितूर लागतोच असे नाही. एक फितूर नसता तर दुसरा मिळाला असता, कारण मागणी कायमची होती.

प्रतापसिंहांनी १८२२ पासून स्वतंत्रपणे कारभार पाहिला. शहरासाठी पाणी आणले, रस्ते केले, पाठशाळा चालवली, छापखाना घातला. त्यांनी मोकळी करून दिलेली दप्तरे वापरून रेसिडेंट ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास लिहिला, तो १८२६ साली प्रसिद्ध झाला. महाबळेश्वरचा डोंगर इंग्रजांना हवेपालटासाठी हवा होता, तोही त्यांनी १८२९ साली वाईजवळच्या खंडाळा गावाच्या बदल्यात दिला. लंडनच्या संचालक मंडळाने १८३५ साली त्यांच्या कारभाराची स्तुती करून रत्नजडित तलवार पाठवली. ती मुंबई सरकारने अडकवून ठेवली, महाराजांच्या हाती कधी पडलीच नाही.

कारण तोवर जहागिरींचा वाद पेटला होता. फलटण, भोर, औंध, जत, अक्कलकोट या जहागिरींवर अधिकार कोणाचा, वारस नसल्यास त्या कोणाकडे जाणार, या प्रश्नावर महाराज तहातल्या शब्दांवर बोट ठेवून भांडत होते. माझ्या मते त्यांचा खरा अपराध हा. त्यांनी तह हा दोन्ही पक्षांना बांधणारा करार समजला. यानंतर आरोप आले : कंपनीच्या पलटणीतील देशी अंमलदार फितवले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधले. आरोपांची प्रत द्या, उघड चौकशी करा, ही महाराजांची मागणी शेवटपर्यंत मान्य झाली नाही. ज्या गुप्त चौकशीत रेसिडेंट लॉडविक स्वतः बसला होता, तिच्याविषयी पुढे त्यालाच पश्चात्ताप झाला आणि तो लंडनमध्ये महाराजांच्या बाजूने बोलला.

ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर कारनॅक साताऱ्याला आला. तहभंगाची कबुली देणाऱ्या कागदावर सही करा, राज्य राहील, असा त्याचा प्रस्ताव होता. महाराजांनी सही केली नाही. ५ सप्टेंबरला त्यांना गादीवरून काढून काशीला रवाना करण्यात आले. तिथेच १४ ऑक्टोबर १८४७ ला त्यांचा अंत झाला.

आता फितुरीच्या कथेला अडचणीत आणणारा भाग येतो. कंपनीने गादीवर बसवलेले धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब हे सर्वार्थाने आज्ञाधारक निघाले. त्यांनी जहागिरींवरून भांडण काढले नाही, पूल बांधले, इंग्रज अधिकाऱ्यांची वाहवा मिळवली. मूल नव्हते म्हणून दत्तकाची परवानगी ते पुनःपुन्हा मागत राहिले. ती आली नाही. ५ एप्रिल १८४८ ला मृत्यूच्या दिवशीच त्यांनी भोसले कुळातला मुलगा विधिपूर्वक दत्तक घेतला. तो नाकारला गेला आणि राज्य गेले. म्हणजे भांडणाऱ्या भावाचे सिंहासन गेले आणि निमूट राहणाऱ्या भावाचे राज्यच गेले. स्वभाव, निष्ठा, कट, कारस्थान यांपैकी कशानेही शेवट बदलला नाही. ज्या स्पष्टीकरणात व्यक्तीचे वर्तन हेच मुख्य कारण मानले आहे, ते इथे अपुरे पडते.

आणि दत्तक! डलहौसीने ३० ऑगस्ट १८४८ च्या आपल्या टिपणात फरक केला तो असा : खाजगी मालमत्तेपुरता दत्तक हिंदू शास्त्राप्रमाणे वैध, पण अंकित राज्य सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून दत्तकाकडे जात नाही. सातारा तर इंग्रजांनीच निर्माण केलेले राज्य. शिवाय ते मुंबई इलाख्याच्या मधोमध, लष्करी वाटेवर आणि उत्पन्नाचे. वाचताना मला नेहमी एक गोष्ट आठवते. थोरल्या शाहूंच्या मागे आलेले रामराजे दत्तक. त्यांच्यामागचे धाकटे शाहू १७७७ सालचे दत्तक. प्रतापसिंह आणि आप्पासाहेब हे या धाकट्या शाहूंचेच पुत्र. म्हणजे १८१८ साली एल्फिन्स्टनने ज्या हक्काचा जयघोष केला तो हक्कच दत्तकातून आलेला होता. तेव्हा तो चालला, कारण तेव्हा तो हवा होता.

डलहौसी हा या तत्त्वाचा जनकही नव्हे. दत्तकाला संमती हा अपवाद समजावा, असे संचालकांनी १८३४ सालीच कळवले होते. १८४१ मध्ये, न्याय्य मार्गाने मिळणारा मुलूख सोडू नये, असेही बजावले होते. कुलाब्याच्या आंग्र्यांच्या विधवेला दत्तकाची परवानगी नाकारून ते संस्थान १८४० सालीच घेतले गेले होते. आणि इंग्रजांतही एकमत नव्हते. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क याने खालसा करण्याला विरोध केला. साताऱ्याचा माजी रेसिडेंट ब्रिग्ज लंडनमध्ये याविरुद्ध भांडला. खुद्द एल्फिन्स्टननेही म्हातारपणी नापसंती दाखवली. सभ्य माणसे त्या बाजूलाही होती. पण कागदाची रचनाच अशी होती, की सभ्यपणाला तिच्यात जागा नव्हती. २४ जानेवारी १८४९ च्या खलित्याने संचालकांनी डलहौसीचा निर्णय कायम केला.

रंगो बापूजी गुप्ते सुमारे चौदा वर्षे लंडनमध्ये राहून महाराजांची बाजू मांडत राहिले. सभा, अर्ज, छापील पत्रके, भागधारकांसमोरची भाषणे. त्या झुंजीकडे आपण निष्ठेची कथा म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. पण मला त्यात आणखी काही दिसते. कंपनीचा कारभार तिच्याच कागदांच्या आधारे उलटतपासणारा हा आपला पहिल्या काही माणसांपैकी एक. त्यांना यश आले नाही, परंतु आज साताऱ्याविषयी आपण जे पुराव्यानिशी बोलू शकतो, त्यातला मोठा भाग या झगड्यामुळे छापला गेला. १८५७ साली साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला, त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजींचा पुढे पत्ता लागला नाही.

मराठीत इतिहासाच्या चिकित्सेची सुरुवातच नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी ग्रँट डफच्या ग्रंथावर केलेल्या टीकेने झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. परक्याचा ग्रंथ तपासला तितक्याच कठोरपणे आपण आपली सांगण्याची रीत तपासली का, हा माझा प्रश्न आहे. फितुरीच्या कथेची एक किंमत आपण अजून मोजतो आहोत. साताऱ्याचा विषय निघाला की चर्चा दोन मिनिटांत जातींवर येते. कोणाच्या पणजोबांनी काय केले याचा हिशेब सुरू होतो. नातूंनी इंग्रजांची चाकरी केली, इनामे घेतली, हे खरेच. त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण सगळे पाप एका घराच्या माथी मारले की तहाचे पाचवे कलम निर्दोष सुटते. नागपुरात, झाशीत, कुलाब्यात नातू नव्हते. राज्ये तिथलीही गेली.

म्हणून माझी सूचना साधी आहे. यापुढे ‘सातारा खालसा झाले’ असे न लिहिता ‘कंपनी सरकारने १८४८ साली सातारा घेतले’ असे लिहावे. वाक्याला कर्ता मिळाला की वाचणारा पुढचे प्रश्न आपोआप विचारू लागतो : कोणत्या कागदाच्या बळावर घेतले? तो कागद कोणी लिहिला? त्यावर सही करणाऱ्याला सही नाकारण्याची मोकळीक होती का? प्रतापसिंहांनी १८३९ साली एका कागदावर सही नाकारली, त्याची किंमत आपल्याला ठाऊक आहे. १८१९ साली कंपनीच्या फौजांच्या गराड्यात, कैदेतून नुकत्याच सुटलेल्या तरुणाला ती नाकारता आली असती का, हे मात्र आपण अजून नीट विचारलेलेच नाही.