वारली आकृती आणि यंत्राची आज्ञार्थी भाषा

जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांतील वारली घरांच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने उमटणारी आकृती आज लेसर-किरणाने कापलेल्या लाकडी वा ॲक्रिलिकच्या तुकड्यांच्या रूपाने शहरांतील दुकानांत मिळू लागली आहे. तिच्यासंबंधी दोन मते ऐकू येतात. यंत्र अचूक असल्यामुळे मूळ आकृती जशीच्या तशी उतरते, हे एक. यंत्र निर्जीव असल्यामुळे आकृतीचा प्राण हरपतो, हे दुसरे. यंत्राचे नियंत्रण कसे चालते हे न पाहताच दोन्ही मते मांडली गेली आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अंकांच्या आज्ञांनी चालणारे मिलिंग यंत्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९५२ साली दाखविण्यात आले. लेसर-यंत्रांवर प्रचलित असलेला ‘जी-कोड’ त्याच परंपरेतला. जी०० म्हणजे नुसते जलद सरक. जी०१ म्हणजे ठरलेल्या वेगाने सरळ जा. जी०२ व जी०३ म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वा उलट दिशेने वळ. एक्स आणि वाय ही अक्षरे स्थान सांगतात, एफ वेग आणि एस किरणाची शक्ती. या भाषेतील वाक्ये बहुशः आज्ञार्थी आहेत. नियंत्रक त्यांची सूक्ष्म पावलांत फोड करून ती मोटारींना पोचवितो. मोठ्या यंत्रांत एन्कोडर प्रत्यक्ष स्थान उलट कळवितो आणि आज्ञा व स्थिती यांतील अंतर सतत भरून काढले जाते. कोपऱ्यावर गती मंदावली की शक्तीही कमी केली जाते; एरवी कोपरा करपेल.

वर्तुळ या यंत्राला झेपत नाही, हा आक्षेप त्यामुळे टिकत नाही. लहान यंत्रांतील एक प्रचलित मुक्त प्रणाली कंसाचे सरळ तुकडे पाडते खरी, परंतु मूळ कंसापासून ढळण्याची तिची नेहमीची मर्यादा ०.००२ मिलिमीटर आहे. तारपानाचाचे वेटोळे तिच्या हातून बिघडणार नाही.

मग बिघडते ते कोठे? वारली मनुष्याकृती टोकाला टोक भिडलेल्या दोन त्रिकोणांची असते. कंबर हा केवळ एक बिंदू. बांबूच्या काडीने तो बिंदू सहज साधतो. किरण मात्र आपल्या जाडीएवढे द्रव्य जाळून नेतो. बिंदूवर जोडलेली आकृती कापावयास गेल्यास ती कमरेतच तुटेल. म्हणून आराखडा करणारा कंबर जाड करतो. भिंतीवर मोकळेपणाने विखुरलेली माणसे, गुरे, झाडे जाळीदार तक्त्यात सुटी राहू शकत नाहीत, गळून पडतात. म्हणून त्यांच्यामध्ये दुवे घातले जातात. मुख्य म्हणजे काडीचा एक फराटा येथे दोन कडा होतो. हाताने ओढलेली रेघ जाते आणि तिची सीमा उरते.

माध्यम बदलले की कला संपते, असा याचा अर्थ नव्हे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात हे चित्र कागदावर आणले आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सवाशिणींनी रेखाटावयाच्या लग्नचौकापासून कागदापर्यंतचे हे अंतर थोडे नव्हते. तरी रेघ रेघच राहिली होती. लेसरनेही ती राखता येते. कमी शक्तीने रेघेच्या मध्यातून किरण फिरविल्यास पृष्ठभागावर रेघच उमटते. छेद घ्यावा की रेघ ओढावी, हा निर्णय यंत्राचा नाही. आज्ञार्थी वाक्याला जाब विचारता येत नाही. तो वाक्य रचणाऱ्याला विचारावयाचा असतो.

म्हणून या वस्तूंच्या परीक्षणात ‘यंत्र की हात’ हा प्रश्न गौण होय. कंबर किती जाड करावयाची आणि दुवा कोठे घालावयाचा, हे कोण ठरवितो, हा खरा प्रश्न आहे. आकृतीचे व्याकरण ज्याला ठाऊक आहे त्याला आज्ञेचे व्याकरण येत नसेल, तर हे निर्णय दुसराच कोणी घेईल आणि घरात चित्र काढणाऱ्याकडे केवळ नमुना पुरविण्याचे काम उरेल. जव्हार-मोखाड्याच्या तरुणांना ही आज्ञाभाषा मराठीतून समजावून देणे हे या दृष्टीने कलेच्या रक्षणाचेच कार्य आहे. तिची अक्षरे थोडी आहेत आणि नियम सोपे आहेत. चौकातील आकृती वाचावयास मात्र त्याहून फार अधिक शिकावे लागते, आणि ते शिक्षण त्यांच्या घरी आधीच झालेले असते.