वाहाणा काखेत

वगात सिंहासन नसतं. साध्या खुर्चीवर शाल टाकली की राजा बसला. तो राजा आहे हे खुर्चीवरून कळत नाही, समोरच्या हवालदाराच्या उभं राहण्यावरून कळतं. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मधला (१९६५) दादा कोंडक्यांचा हवालदार ज्यांनी पाहिला, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मुजरा सरकारांना, डोळे आपल्याकडे!

आपल्या मंडळाच्या पोरांनी गणेशोत्सवात वग करायचं ठरवलं, तेव्हा खरं सांगतो, मी मनात हसलो होतो. गावापासून लांब, इथं वाढलेली ही मुलं, साहेबालाही नावानं हाक मारणारी. पहिल्या तालमीला हवालदार देवळात वाकावं तसा कमरेतून वाकला आणि राजा नुसता ओरडत सुटला.

मी बीड जिल्ह्यातला. मालक आणि गडी आमच्याकडं ओसरीवर बघायला मिळायचे. पाडव्याला सालगड्याचं साल ठरायचं. ऊसतोडीला जाणारी माणसं मुकादमाकडं उचल घ्यायला यायची. पैसे देणारा कधी ओरडायचा नाही. समोरच्याकडं बघायचाही नाही, सुपारी कातरत बोलायचा. घेणाऱ्याची मान खाली, पण नजर त्या हातांवर. ‘बस’ म्हटलं तरी तो ओट्याच्या कडेला नुसता टेकायचा.

नट नसूनही मी हे सगळं तालमीत करून दाखवलं. राजा झालेल्या मुलाच्या हाती अडकित्ता दिला (तो एका आजींच्या पेटीतून निघाला), तर त्याचा आवाज आपोआप उतरला. हवालदाराला मान आणि नजर वेगळी करायला मात्र तीन शनिवार लागले.

तरी राजाचंच काम अवघड, असं माझं मत. सोंगाड्या फिरकी घेतो, सभागृह हसतं, आणि राजाला त्यातलं काही कळलेलं नाही असं दिसावं लागतं. दुसऱ्याच्या टाळीसाठी स्वतः मठ्ठ दिसायला मोठं मन लागतं. लक्ष्मण देशपांड्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ आमच्या माजलगावचे संदीप पाठक एकट्यानं करतात. तिथं तर बोलणारा आणि ऐकणारा एकाच अंगात. मान वळली की माणूस बदलला. आपल्या पोरांना निदान समोर जोडीदार तरी होता.

पहिल्या प्रयोगाला गावाकडून आलेले आमचे अण्णा पुढच्या रांगेत होते. घरी येताना गाडीत बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “पोरगं चांगलं करतंय. पण मालकाम्होरं वाहाणा घालूनच आलं की!”

मी निरोप पोचवला. पुढच्या प्रयोगाला हवालदार विंगेतून आला, थबकला, वाहाणा काढून काखेत मारल्या आणि दुसऱ्या हातानं मुजरा घातला. मुजरा घालताना एक वाहाण निसटून थेट राजाच्या पायाशी. हे संहितेत नव्हतं. सभागृह हसून हसून बेजार.

राजा सुपारी कातरत राहिला.